शिकवण आहे, सवड नाही

मदरशात राहून शिकणाऱ्या मुलाकडे आपला समाज साधारणपणे दोन नजरांनी पाहतो. एक दयेची आणि दुसरी संशयाची. दयेची नजर बहुधा त्याच्याच समाजाची. रमजानमध्ये जकात आणि फितरा, बकरी ईदला कुर्बानीचे कातडे (त्याला आताशा बाजारात भाव उरलेला नाही, ही गोष्ट वेगळी), कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले की डेगभर जेवण, थंडीत ब्लँकेटे. संशयाची नजर बाकीच्यांची. टोपी-कुर्त्यातली पंधरा-वीस मुले रांगेने रस्त्यावरून निघाली की हॉटेलच्या बाकावरचे बोलणे क्षणभर थांबते आणि मुले पुढे गेली की हलक्या आवाजात पुन्हा सुरू होते. या दोन्ही नजरांत एक साम्य आहे. त्या मुलाच्या हातून आपल्याला काही मिळू शकेल, हे दोन्हींच्या ध्यानीमनी नसते. तो एक तर घेणारा असतो, नाहीतर काळजीचे कारण असतो.

संशयाचे एक उदाहरण फार जुने नाही. मे २०२३ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यातून पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर गाडीतून उतरवण्यात आली. मुलांची तस्करी होत असल्याचा संशय होता. बरोबरच्या पाच शिक्षकांना अटक झाली. मुलांना बारा दिवस नाशिक आणि भुसावळ येथील बालगृहांत काढावे लागले. पुढे २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचे सांगून प्रकरण बंद झाले. आई-बापांशिवाय प्रवास करणाऱ्या लहान मुलांची चौकशी व्हावी, यात वावगे काहीच नाही. ती झालीच पाहिजे. परंतु बारा दिवस बालगृहात काढलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने महाराष्ट्राची पहिली ओळख काय घेतली असेल, हा प्रश्न काही केल्या मनातून जात नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके माझ्या नेहमीच्या पायाखालचे. जुन्नर शहरात आणि मंचरला मुसलमान वस्ती काही काल-परवाची नाही. निजामशाहीचा आरंभ १४९० मध्ये जुन्नरलाच झाला आणि नंतर तिची राजधानी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. शिवनेरीवर शिवजन्माचे स्थान आहे आणि त्याच गडावर कमानी मशीदही उभी आहे. जुन्नरच्या मुसलमान कागद्यांनी हाताने केलेला ‘जुन्नरी’ कागद एके काळी दूरवर नावाजलेला होता. जमाखर्च, सनदा, पत्रे, सगळे त्यावर लिहिले जाई. म्हणजे इथल्या शेजाराला एक देण्याघेण्याचा भाग होता. कागदी कागद देत होता आणि कारकून त्यावर मोडी लिहीत होता. आज त्या दोघांमध्ये द्यायचे-घ्यायचे फारसे काही उरले नाही. बाजारात भाजी-फळांची गाडी, गॅरेज आणि मटणाचे दुकान एवढ्याच जागी गाठ पडते. मदरशातली मुले तर तेवढ्याही व्यवहारात नाहीत. ती भिंतीच्या आत असतात.

या मुलांना परोपकार शिकवला जात नाही असे कोणाला वाटत असेल तर ते खरे नाही. उलट तो भरपूर शिकवला जातो. रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करणे हीसुद्धा श्रद्धेचीच एक शाखा आहे, देणारा वरचा हात घेणाऱ्या खालच्या हातापेक्षा चांगला आहे, शेजारी उपाशी असताना आपण पोटभर जेवू नये, ही शिकवण तिथल्या लहान मुलालाही माहीत असते. ‘खिदमत’ हा शब्द तर त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. मुले मदरसा झाडतात, पंगतीला वाढतात, वजूच्या टाकीत पाणी भरतात, आजारी सोबत्याच्या उशाशी बसतात, उस्तादांची बारीकसारीक कामे करतात. घरी लाडाने वाढलेल्या आपल्या अनेक मुलांना जे येत नाही ते या मुलांना येते. पण ही सगळी खिदमत भिंतीच्या आतली आहे. ज्याला आपण ओळखतो, ज्याचा आपल्यावर अधिकार आहे, त्याची ती सेवा. अनोळखी माणसाला मदत करणे ही वेगळीच विद्या आहे आणि ती पाठांतराने येत नाही.

आपल्याकडे एक कीर्तनकाराची गोष्ट सांगतात. कीर्तनात त्याने वांग्यांचा निषेध केला आणि घरी येऊन ‘ती पोथीतली वांगी’ म्हणत भाजीवर ताव मारला. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी या पोथीतल्या वांग्यांचा चक्क प्रयोग केला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन ही त्यांची नावे. प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीत बोलावले आणि दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण करायला सांगितले. निम्म्यांना भाषणाचा विषय दिला होता तो बायबलमधल्या भल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा. लुटारूंनी मारहाण करून टाकून दिलेल्या वाटसरूकडे पाहून पुरोहित पुढे निघून जातो आणि ज्या जमातीला लोक तुच्छ मानत अशा जमातीतला एक माणूस थांबून त्याला वाचवतो, ती ही गोष्ट. वाटेतल्या बोळात प्रयोगकर्त्यांनी एक माणूस बसवून ठेवला होता. मान खाली घातलेला, खोकणारा, कण्हणारा. कोण थांबतो ते पाहायचे होते.

ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी ४५ टक्के. आणि ‘तुम्हाला उशीर झाला आहे, लोक वाट पाहताहेत’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. डोक्यात ती गोष्ट घोळत होती की आणखी काही, याने निर्णायक फरक पडला नाही. भल्या माणसाच्या गोष्टीवर भाषण द्यायला निघालेले काहीजण तर त्या कण्हणाऱ्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

चाळीस जणांच्या एका प्रयोगावरून जगाचा न्याय करू नये, हे मान्य. तरीही तो वाचल्यापासून माझे एक मत पक्के झाले आहे. मूल परोपकारी व्हावे असे ज्या संस्थेला वाटते, तिचा अभ्यासक्रम बघण्याआधी तिचे वेळापत्रक बघावे.

या भागातल्या एका मदरशात गेल्या हिवाळ्यात मी दोन-तीन वेळा जाऊन बसलो. तिथला दिवस पहाटेच्या फजरच्या नमाजाआधीच सुरू होतो. कुराण मुखोद्गत करणाऱ्या मुलांना रोजचा नवा पाठ, अलीकडच्या पाठांची उजळणी आणि जुन्याची उजळणी अशी तिहेरी मेहनत असते. दुपारी जेवण आणि थोडी झोप, की पुन्हा पाठ. संध्याकाळी असरच्या नमाजानंतर मगरिबपर्यंत तेवढी मोकळीक. त्यातही दिवस लहान असले की तासा-दीड तासाचीच. मगरिबनंतर पुन्हा ओट्यावर मांडी. गुरुवारी दुपारपासून शुक्रवारपर्यंत आठवड्याची सुट्टी. तिच्यात कपडे धुणे, केस कापणे आणि घरी फोन. मुलांना हे कष्ट वाटत नाहीत असे नाही, पण ती हसत-खेळत ते पार पाडतात. मला दिसली ती अडचण एवढीच की, या वेळापत्रकात रस्त्यातला काटा बाजूला करायला वेळच ठेवलेला नाही. शिकवण आहे, सवड नाही.

आणि हे काही मदरशाचेच नाही. आपल्या शाळांत एके काळी ‘समाजसेवा’ हा श्रेणीचा विषय होता. पालकांपैकी अनेकांना तो आठवत असेल. वहीत दोन झाडांची चित्रे, एका सफाई मोहिमेचे शुद्धलेखनासारखे वर्णन आणि खाली गुरुजींची सही, श्रेणी ‘अ’. महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिच्यात वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे शिबिर अपेक्षित असते. जिथे कार्यक्रम अधिकारी मनापासून काम करतो तिथे ही योजना सोन्यासारखी चालते आणि जिथे तो करत नाही तिथे हजेरीपटावर चालते. पण बरी-वाईट जी काही आहे ती मुलांपर्यंत पोहोचते तरी. केवळ धार्मिक शिक्षण घेणारे मदरशातले मूल तिच्या आवाक्याबाहेर राहते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये नेहमीचे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुलांना ‘शाळाबाह्य’ गणायचे ठरवले तेव्हा मोठा वाद झाला. तो वाद गणित आणि विज्ञानाचा होता. सेवेच्या संधीच्या बाबतीत ही मुले किती शाळाबाह्य आहेत, हे मात्र कोणी विचारले नाही.

इथे एका नावाची गंमत सांगण्यासारखी आहे. मदरशांत गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवायला शिक्षक मिळावेत म्हणून राज्यात २०१३ पासून एक योजना आहे. तिला डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव दिले आहे. २०२४ मध्ये या शिक्षकांचे मानधनही चांगले वाढवण्यात आले. पूर्वी सहा हजार मिळत होते त्याला सोळा हजार. चांगलेच झाले. पण झाकीर हुसेन म्हणजे केवळ गणित-विज्ञान नव्हे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष हेच झाकीर हुसेन होते. हाताने काम करत शिकायचे आणि शिकलेले गावाच्या उपयोगी आणायचे, ही नई तालीम त्यांनी कागदावर उतरवली. एका निष्ठावान मुसलमान शिक्षकाने आपल्या वर्ध्यात बसून मांडलेला हा विचार आहे. त्यांच्या नावाच्या योजनेत पाठ्यपुस्तक आले आणि हाताचे काम तेवढे बाहेर राहिले.

महाराष्ट्राला वसतिगृहांचा वारसा आहे, हेही विसरायला नको. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणाची संस्था निघाली आणि तिचे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून स्वतःचा स्वयंपाक करत, शेतात राबत, खडी फोडत. मुलाने खाल्लेल्या भाकरीसाठी घाम गाळलेला असावा, म्हणजे त्याची मान खाली जात नाही, हे अण्णांनी ओळखले होते. लोकांच्या देणगीवर वाढणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त गरज कशाची असते, तर आपणही काही देऊ शकतो या जाणिवेची. हे मदरशातल्या मुलाला लागू आहे आणि आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलांनाही तितकेच लागू आहे. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत महादेव कोळी आणि ठाकर मुले राहतात. त्यांनाही गणवेश, वह्या, गाद्या मिळतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. फोटोत मूल नेहमी घेताना दिसते.

इंडोनेशियात मदरशासारख्या निवासी शाळांना पेसांत्रेन म्हणतात. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या त्या देशाने २०१९ मध्ये या शाळांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात शिक्षण आणि धर्मप्रसार यांच्या जोडीला समाजाचे सबलीकरण हे तिसरे काम स्पष्ट लिहिले आहे. पूर्व जावातल्या गोंतोर येथील १९२६ मध्ये स्थापन झालेल्या प्रसिद्ध पेसांत्रेनमध्ये तर शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही विद्यार्थ्याला एक वर्ष सेवा करावी लागते, बहुतेकदा शिकवण्याची. सेवा वेळापत्रकात घालता येते याचा हा पुरावा. अर्थात तिथे मुसलमान बहुसंख्य आहेत. पेसांत्रेनची मुले रस्ता झाडायला निघाली तर कोणी खिडकीतून डोकावून पाहत नाही. आपल्याकडे जमियत-उलेमा-ए-हिंदने २०१८ मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या जोडीने तरुणांचे पथक सुरू केले, तेव्हा मदतकार्याच्या कवायतीकडेही काहींनी वाकड्या नजरेने पाहिलेच. म्हणून इथे हे काम अधिक अवघड आहे आणि मला वाटते म्हणूनच अधिक गरजेचे आहे.

आता कामाचे म्हणाल तर आपल्या दोन तालुक्यांत त्याला तोटा नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोड मजूर येतात. त्यांची मुले फडाच्या कडेला कोपीत दिवस काढतात. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या बोलीच्या मुलखात राहणे म्हणजे काय, हे त्या मुलांना कोण चांगले समजू शकेल? अररियाहून आलेला मुलगा! शुक्रवारी दुपारी दोन तास खेळ आणि अक्षरे, एवढे जरी झाले तरी दोघांचे भले. श्रावणात भीमाशंकरला जाणाऱ्या यात्रेकरूंची घोडेगाव रस्त्यावर रीघ असते. पाण्याची सोय आणि कचरा उचलणे ही कामे कोणीही करू शकतो. पावसाळ्यात नाणेघाटात पर्यटक किती बाटल्या टाकून जातात ते पाहणाऱ्यालाच ठाऊक. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डोंगरातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला केसपेपर कुठे काढायचा आणि गोळ्या कुठे मिळतात हे सांगणारे कोणी नसते. मोठ्या मुलांनी तिथे आळीपाळीने उभे राहावे.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागेल. असर आणि मगरिबच्या मधली जी मोकळी वेळ, तीच आपल्याकडे बिबट्याची उसातून बाहेर पडण्याची वेळ. संध्याकाळी उसाच्या कडेला मुलांना पाठवण्याचा शहाणपणा कोणी करू नये. शिवाय तो तास खेळाचा आहे. मुलाचा खेळ काढून घेऊन त्याला परोपकार शिकवणे म्हणजे वेठबिगारच. वेळ पाठाच्या तासांतून काढावा लागेल, आठवड्याला दोन तास. हे ऐकून मोहतमिम साहेबांच्या कपाळाला आठी पडेल हे मला माहीत आहे. हाफिज होण्यात दोन-तीन महिने जास्त गेले तर देणगीदार काय म्हणतील, पालक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहेच. दुसरी भीती जास्त खरी आहे. पोरे बाहेर गेली, कोणी काही बोलले, कोणी व्हिडिओ काढून भलतेच लिहून पसरवला, तर? २०२३ नंतर ही भीती फाजील आहे असे म्हणायची माझी तरी हिंमत नाही. तिच्यावर उपाय मदरशाच्या हातात नाही, तो आपल्या हातात आहे. बोलावणे बाहेरून यायला हवे. ग्रामपंचायतीने, कारखान्याच्या साखरशाळेने, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी चिठ्ठी पाठवून मुले मागितली पाहिजेत. ‘आम्हाला तुमची मदत हवी आहे’ हे वाक्य त्या दारावर जाऊन कोणी कधी उच्चारले असेल, असे मला वाटत नाही.

माळीणची आठवण इथे होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, ही बातमी बाहेर आली ती एका एस.टी. चालकामुळे. त्याला वेळापत्रक होते, पुढची फेरी होती. तो थांबला, त्याने पाहिले आणि कळवले. त्यानंतरचे दिवस चिखल उपसण्याचे होते. सरकारी पथके आली, गावोगावचे लोक आले, आडिवऱ्याच्या आरोग्य केंद्रात शवविच्छेदने होत राहिली. अशा वेळी माणसे धर्म विचारत नाहीत, हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण डोंगर दर वर्षी कोसळत नाही, आणि कोसळू नये. आपत्तीत हात आपोआप पुढे येतो; मंगळवारी दुपारी, काहीच घडलेले नसताना तो पुढे येण्यासाठी सवय लागते. आणि हो, काम झाल्यावर मुलांना गोल बसवून काय पाहिले, काय वाटले, कोण काय बोलले हे त्यांच्याकडून ऐकून घ्यावे लागते. हा शेवटचा अर्धा तास गाळला की उरते ती हमाली. आपल्या ‘समाजसेवे’च्या वहीत नेमका तोच गाळलेला होता.

बाकी फायदा कोणता होवो न होवो, मराठीचा नक्की होईल. योजनेतून आलेला शिक्षक ‘हा माझा देश’ शिकवील. पण केसपेपर, रांग, ‘आज्जी, हळू’, ‘उद्या उपाशीपोटी या’, ‘तुमचं गाव कोणतं’ हे मराठी फळ्यावरून येत नाही. आणि गाव कोणते हे विचारल्यावर म्हातारी उलट विचारणारच, ‘तुझं रं कोणतं, बाळा?’ त्या मुलाला अररिया कुठे आहे ते तिला समजावून सांगावे लागेल. पहिल्या वेळी त्याला दोन मिनिटे लागतील, तिला मागून रांग ढकलत असेल, आणि खिडकीतला कारकून ओरडेल.